कारभाऱ्याचं नाव कसं अमर झालं

बॉयकॉट म्हटलं की क्रिकेटवेड्यांना यॉर्कशायरचा तो चिवट सलामीवीर आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. इंग्रजीला हा शब्द मिळाला तो चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट या माणसामुळे. मूळचा नॉरफोकचा, काही काळ लष्करात काढलेला, लोक त्याला कॅप्टन म्हणत. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा तो कारभारी होता.

१८७९ साली पीक बुडालं. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० वर अडून बसला. बॉयकॉटने थकबाकीदारांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिसच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेलने विचारलं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गर्दी ओरडली, गोळी घाला. पार्नेलने दुसरा उपाय सांगितला : रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याच्याशी कुणी बोलू नका.

रोख होता जमीन बळकावणाऱ्यावर. पहिला सापडला कारभारी. गडी गेले, धोबीण गेली, लोहाराने हात आखडता घेतला, दुकानदारांनी माल नाकारला. बॉयकॉटने ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि गावातली गोष्ट लंडनभर झाली. मग कॅव्हन-मोनाहनहून पन्नासेक स्वयंसेवक पीक काढायला आले, त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. पीक पाचशे पौंडांच्या आसपासचं, ते काढायला सरकारला आलेला खर्च दहा हजारांच्या घरात गेल्याचं सांगतात. डिसेंबर उजाडताच कॅप्टन आयर्लंड सोडून निघाला.

शब्दाचं बारसं गावातल्याच एका पाद्र्याने केलं. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथने लिहून ठेवलंय की फादर जॉन ओमॅली यांना शेतकऱ्यांना उमजेल असा शब्द हवा होता. ग्रीक वळणाचा, जडजंबाल ‘ऑस्ट्रसिझम’ चालणार नव्हता. थोडा विचार करून ते म्हणाले, ‘बॉयकॉट करणं’ म्हटलं तर? वर्ष संपण्यापूर्वीच हा शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत आला, पुढे फ्रेंच, जर्मन, रशियनमध्येही रुळला. वाळीत टाकणाऱ्यांची नावं विसरली गेली, टाकल्या गेलेल्याचं टिकलं.

आपल्याकडे हे हत्यार १९०५ च्या वंगभंगाबरोबर आलं आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून बसलं. पण वाळीत टाकणं, हुक्कापाणी बंद करणं आपल्याला कुणी शिकवायला नको होतं. मेयोत दुबळ्यांनी बलवानाला टाकलं, आपल्या गावांत बहुधा उलटंच घडलं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ होतं, ते उगाच नव्हे. जातपंचायतींच्या या शिक्षेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्कार घालणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.