नाकातील पहारेकरी प्रथिने आणि जुनाट सायनुसायटिस

साधे पडसे आठवडा-दहा दिवसांत बरे होते. काहींचे नाक मात्र महिनोन् महिने चोंदलेलेच राहते. घशात स्राव उतरत राहतो, गाल व कपाळ जड होते, फुलांचा किंवा फोडणीचा वासही येईनासा होतो. अशी लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकली आणि दुर्बिणीच्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दाह आढळला, तर त्यास जुनाट सायनुसायटिस म्हणतात. हा विकार केवळ जंतुसंसर्गाचा नसून नाकाच्या अस्तराची संरक्षणव्यवस्था ढासळल्याचेही ते लक्षण असते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे.

अस्तराची रचना

गाल, कपाळ, डोळ्यांमधील भाग आणि नाकामागील खोल भाग येथील हाडांत सायनसच्या चार जोड्या असतात. हवेने भरलेल्या या पोकळ्यांना आतून श्लेष्मल त्वचेचे अस्तर असते. त्यावरील सूक्ष्म रोम सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हालचाल करून वरचा चिकट थर घशाकडे ढकलतात. हा चिकटपणा म्युसिन या प्रथिनांमुळे येतो. धूळ, परागकण व जंतू त्यात अडकतात आणि पुढे पोटातील आम्लात नष्ट होतात. म्हणूनच शेंबूड हा निव्वळ मळ नसून शरीराची पहिली तटबंदी आहे.

जंतुनाशक प्रथिने

या थरात जंतूंशी थेट लढणारी प्रथिनेही असतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांना त्यांतील एक प्रथिन पडशाच्या स्रावातच सापडले. त्यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर सहा वर्षांनी लागला. लायसोझाइम नावाचे हे प्रथिन जिवाणूंची पेशीभित्तिका तोडते. अश्रू, लाळ आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही ते असते.

लॅक्टोफेरिन हे दुसरे प्रथिन जिवाणूंना आवश्यक असलेले लोह बांधून ठेवते. जिवाणू पृष्ठभागावर स्थिरावून एकत्र थर तयार करू लागले की औषधांना दाद देत नाहीत. लॅक्टोफेरिन असे थर तयार होण्यास अटकाव करते, हे आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रयोगातून दाखवले. डिफेन्सिन, एस-१०० गटातील प्रथिने, स्प्लंक-१ आणि ए प्रकारची प्रतिपिंडेही याच फळीत मोडतात.

पहारा कोठे सैल पडतो?

जुनाट सायनुसायटिसच्या काही रुग्णांत, विशेषतः नाकात पॉलिप म्हणजे मऊ मांसल गाठी असलेल्यांत, लॅक्टोफेरिन, स्प्लंक-१ व एस-१०० गटातील काही प्रथिनांचे प्रमाण घटल्याचे आढळले आहे. ॲलर्जीसदृश दाहात स्रवणारी इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ ही रसायने अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल करतात आणि श्लेष्म वाढवतात. जंतूंना वाव मिळतो, जंतूंमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे संरक्षण आणखी दुबळे होते. प्रथिनांची घट हे आजाराचे कारण की परिणाम, हा प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

आनुवंशिकतेचाही यात वाटा असू शकतो. जिभेवर कडू चव ओळखणारे टी-२-आर-३८ हे ग्राहक प्रथिन नाकाच्या अस्तरातही असते. ते जिवाणूंचे रासायनिक संदेश ओळखते आणि नायट्रिक ऑक्साइड निर्माण करवून जिवाणूंना मारते, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. संबंधित जनुकाच्या प्रकारानुसार हा प्रतिसाद व्यक्तिगणिक कमीअधिक असतो.

उपचाराची दिशा

मूळ दुखणे दाहाचे असल्याने वारंवार प्रतिजैविके घेऊन बहुतेकांना टिकाऊ आराम पडत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारण्याचा स्टिरॉइड स्प्रे नियमित वापरणे, हे उपचाराचे पहिले पाऊल मानले जाते. त्याने भागले नाही तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाते. इंटरल्यूकिन-४ व १३ यांचे कार्य रोखणाऱ्या ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला पॉलिपच्या रुग्णांसाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे लक्षात ठेवा

* जलनेती किंवा नाक धुण्यासाठी उकळून थंड केलेले अथवा निर्जंतुक पाणीच वापरावे. नळाचे पाणी थेट वापरल्यास क्वचित प्रसंगी मेंदूचा प्राणघातक संसर्ग होऊ शकतो.
* चोंदलेले नाक तात्काळ मोकळे करणारे थेंब काही दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. त्यांच्या अतिवापराने नाक अधिकच चोंदते.
* धूम्रपानाने रोमांचे कार्य मंदावते, ते टाळावे.
* डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठ होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.