तात्पर्य नको, गोष्ट हवी



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मला एकाच तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. कुणी इंदूरहून लिहितं, कुणी हैदराबादहून, कुणी बंगळुरूहून. "घरी मराठी बोलतो, पण शाळेत मराठी नाही. सुट्टीत मुलांनी चार पुस्तकं वाचावीत म्हणून काय करू?" याचं उत्तर मी आज इतिहासात शोधणार आहे. गंमत अशी की, मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास बराचसा महाराष्ट्राबाहेरच घडला आहे.

सुरुवात करू तंजावरपासून. तिथले भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये त्यातून 'बालबोधमुक्तावली' हे पुस्तक बाहेर पडलं. इसापच्या गोष्टींचा हा मराठी अनुवाद. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि तिथे गोष्टीचं छापील मराठी पुस्तक नव्हतं. ते निघालं तमिळ मुलखात! पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला 1814 मध्ये 'सिंहासन बत्तिशी' मराठीत छापली गेली, तीही मोडी लिपीत. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' 1828 मध्ये आलं. ते मूळ फ्रेंच लेखक बेर्कें यांच्या मुलांसाठीच्या लेखनावरून केलेलं होतं. छत्र्यांनी इसापनीतीही मराठीत आणली आणि वेताळपंचविशीही.

या सुरुवातीच्या पुस्तकांचा हेतू मुख्यतः शिकवण्याचा होता. इसापनीतीची आपल्या मनातली खूण कोणती? गोष्टीखालचं 'तात्पर्य'. कोल्हा द्राक्षं आंबट म्हणून निघून जातो आणि लगेच कुणीतरी आपल्याला त्याचा अर्थ सांगतं. त्या काळात हे स्वाभाविक होतं. छापील पुस्तक महाग होतं आणि ते शाळेच्या निमित्तानंच मुलाच्या हाती पडायचं. पण त्यातून एक सवय आपल्या घरांत रुजली, ती अजून गेलेली नाही. मूल पुस्तक मिटतं आणि आपण विचारतो, "काय शिकलास यातून?"

आता मासिकांची दोन नावं पाहा. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये मुलांसाठी मासिक सुरू केलं, त्याचं नाव 'बालबोध'. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये सुरू केलं, त्याचं नाव 'आनंद'. नुसत्या नावांवरून सगळा निष्कर्ष काढू नये, ओकांच्या मासिकातही विविधता होतीच. तरी पंचवीस वर्षांत बोधाशेजारी आनंद येऊन बसला, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

त्याच सुमारास बडोद्यात मोठं काम उभं राहत होतं. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. मग पुढचा प्रश्न आला. शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती वाचायला काहीच पडलं नाही, तर शिकलेली अक्षरं किती दिवस टिकणार? म्हणून महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. गावच्या ग्रंथालयाचा भार गावकरी, प्रांत पंचायत आणि सरकार यांनी वाटून घ्यायचा, अशी पद्धत बसली. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. आणि बडोद्याच्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. तिथे पुस्तकांच्या जोडीला खेळही ठेवलेले होते. मुलानं खेळायला यावं आणि येता-जाता पुस्तक हाती घ्यावं, हा त्यातला शहाणपणा.

सयाजीरावांचा तो प्रश्न आज आपल्या घरात आहे. भोपाळ-इंदूरच्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी येते. बंगळुरू-हैदराबादच्या अनेक मुलांनाही ती शाळेत भेटते. अक्षरं आहेत, कानावर मराठी आहे, पण दोन्हींची गाठ पडत नाही. परीक्षा नाही, गुण नाहीत, मग मराठी वाचायचं कशासाठी? त्याला एकच कारण उरतं : मजा येते म्हणून. महाराष्ट्रातल्या मुलाला मराठी निदान धड्यातून तरी भेटते. आपल्या मुलांच्या बाबतीत मजा गेली की वाचन गेलं, आणि एका पिढीत घरातली भाषा फक्त बोलण्यापुरती उरते. आजीची पत्रं कपाटात असतात, पण ती वाचणारं कुणी नसतं.

मजा कशी येते, हे मद्रासच्या एका मासिकानं दाखवून दिलं. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 मध्ये 'चंदामामा' काढलं आणि 1952 पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागलं. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट आठवा. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. राजा उत्तर देतो, त्याचं मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर! तिथे तात्पर्य सांगून कुणी गोष्ट मिटवत नाही. कोण बरोबर, यावर घरात वाद घालता येतो आणि पुढच्या अंकाची वाट पाहता येते. पुढे 1971 मध्ये पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीनंच 'किशोर' मासिक सुरू केलं. धड्यांपलीकडे मुलांना आणखी काही वाचायला हवं, हे पाठ्यपुस्तकवाल्यांनीही मान्य केलं. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, म्हणजे चेन्नईतल्या घरालाही ते मेपुरते उपलब्ध आहेत.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. या सुट्टीत पुस्तक मुलाला निवडू द्या, ते तुम्हाला हलकं वाटलं तरी. चित्रकथा चालेल, भुताची गोष्ट चालेल. मराठी वाचताना अडखळत असेल तर पहिली चार पानं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि गोष्ट ऐन रंगात आली की, "आता भाजी फोडणीला टाकायची आहे," म्हणून उठा. पुस्तक तिथेच उघडं ठेवा. मध्येच सोडलेलं पुस्तक पुरं करायला लावू नका. सारांशाची वही तर नकोच. आणि वाचून झाल्यावर काही विचारायचंच असेल, तर वेताळासारखं विचारा : तू राजा असतास तर काय उत्तर दिलं असतंस?