रबराच्या मिलमधले दोन वेग

टॉमस हॅनकॉकला रबराची कात्रणं वाया जाताना बघवत नव्हती. 1820 मध्ये लंडनला त्याने एका पोकळ नळकांड्याला आतून खिळे बसवले, मध्ये तसाच खिळ्यांचा रूळ ठेवला आणि दांडा हाताने फिरवला. कात्रणांचा भुगा होईल असं त्याला वाटलं होतं. निघाला तो ऊन, एकजीव गोळा. गुपित फुटू नये म्हणून कारखान्यात त्या यंत्राला ‘पिकल’ म्हणत. सुरुवातीला एका माणसाचं बळ पुरे. यंत्र वाढलं तसे घोडे आले, मग वाफ.

1836 मध्ये अमेरिकेतल्या रॉक्सबरीच्या एडविन शॅफीने दोन पोकळ, वाफेने तापवलेले रोल शेजारी ठेवले आणि ते वेगवेगळ्या वेगांनी फिरवले. गिअरची खरी कुळकथा इथून सुरू होते. दोन्ही रोल एकाच वेगाने फिरले, तर रबर पोळीसारखं नुसतं लाटलं जाईल. एक हळू आणि दुसरा जलद असला की एक रबर धरून ठेवतो, दुसरा ते ओढतो; लांबलचक रेणू तुटतात, गंधक आणि काजळी आत मुरते. आजच्या अशा दोन रोलांच्या मिलमध्ये वेगांचं हे प्रमाण बहुधा 1:1.1 ते 1:1.25 असतं, आणि ते ठरतं गिअरच्या दात्यांच्या संख्येवर. म्हणून इथला गिअर मला नुसता मोटरचा हमाल वाटत नाही. रबर फाडणारं हत्यार तोच आहे.

अडचण दोन रोलांमधल्या फटीची होती. रबर जाड हवं की पातळ, त्याप्रमाणे रोल जवळ-दूर करावे लागतात. जुन्या मिलमध्ये गिअर रोलांच्याच टोकांवर बसवलेले, त्यामुळे फट बदलली की त्यांचं अंतरही बदले. इथे इन्व्होल्यूट आकाराचा दाता कामी आला. ऑयलरने 18व्या शतकात अभ्यासलेल्या या वक्राचा गुण असा, की केंद्रं थोडी सरकली तरी वेगांचं प्रमाण बदलत नाही. दाते मुद्दाम लांब कापले जात. तरीही फट मोठी केली की दाते फक्त टोकांशी भिडत, आणि थंड रबराची गाठ आत गेली की सगळा दणका त्यांच्यावर येई.

1916 मध्ये फर्नली बॅनबरीने रबर मिसळण्याचं हेच काम करणाऱ्या, बंद पेटीतल्या मिक्सरचं पेटंट घेतलं. तो मिक्सर बनवणारी बर्मिंगहॅम आयर्न फाउंड्री 1927 मध्ये शेजारच्या फॅरल कंपनीत विलीन झाली. या जोड-कंपनीत मिक्सर आणि दुहेरी तिरक्या दात्यांचे गिअर, दोन्ही बनू लागले.

पुढे मिलचे गिअर रोलांवरून उतरून बंद गिअरबॉक्समध्ये गेले. दोन शाफ्ट बाहेर येतात, सरकत्या रोलांची हालचाल कपलिंग सोसतात, दाते आपल्या तेलात आपल्या जागी राहतात. अशी पेटी कॅटलॉगमधून मोटरचं अश्वबल बघून निवडू नये. रबर कुठलं, एका घाण्याला किती किलो, थंड गाठ आत जाताना भार किती चढतो, हे आधी विचारावं. आणि कामगाराचा हात ओढला गेला, त्याने सेफ्टी बार दाबला, तर रोल फेऱ्याच्या छोट्या अंशात थांबले पाहिजेत. त्या क्षणी दात्याच्या उलट्या बाजूवर जो भार येतो, तोही आराखड्यात धरलेला हवा.