कुली घाटाचा आप्रवासी घाट

घाट म्हटलं की आपल्याला आधी बोरघाट, कुंभार्ली आठवतो. नदीच्या पायऱ्या मागाहून. मॉरिशसमधल्या पोर्ट लुई बंदरातल्या घाटाला ना डोंगर, ना नदी. कोकणी माणूस त्याला सरळ धक्का म्हणाला असता. पण तिथे उतरलेले बहुतेक जण गंगेकाठचे, भोजपुरी बोलणारे. पाण्याला भिडलेल्या दगडी पायऱ्या म्हणजे त्यांच्या लेखी घाटच.

सरकारदरबारी नाव होतं इमिग्रेशन डेपो, बांधकाम १८४९चं. माणसं त्याआधीपासूनच येत होती. १ फेब्रुवारी १८३५ला बेटावरची गुलामगिरी संपायची होती, आणि उसाच्या मळेवाल्यांनी तीनच महिने आधी सोय लावून ठेवली: २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ मजूर घेऊन आलं. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ४ लाख ६२ हजारांच्या आसपास माणसं आली. त्यांत मुंबईहून चढलेले रत्नागिरीकडचेही होते. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामागे हेही लोक आहेत.

डेपोत मुक्काम दोनएक दिवसांचा. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण लिहायची आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. १८६०च्या दशकापासून फोटोही काढू लागले. मग मळ्याकडे रवानगी.

लोक या जागेला कुली घाट म्हणत. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी. मळेवाल्यांच्या तोंडी त्याची शिवी झाली. म्हणून १९८७मध्ये नाव बदलून आप्रवासी घाट केलं. आप्रवासी म्हणजे बाहेरून येऊन वसलेला. (आपल्याकडे पुष्कळदा ‘अप्रवासी’ छापतात. एक काना गळला की समुद्र ओलांडून आलेला माणूस प्रवासीच उरत नाही!) शब्द शुद्ध आहे, पण पायऱ्या चढणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडी तो असेल असं मला वाटत नाही. शिवी पुसायलाच हवी होती, हे मात्र खरं.

२००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा ठरवली. तोवर मूळ आवारातलं जेमतेम १५ टक्के उरलं होतं. पायऱ्या मात्र शाबूत आहेत. २ नोव्हेंबरला, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्यावर फुलं वाहतात.

ती रजिस्टरं आता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणजोबांचं गाव शोधायला तिथे लोक येतात. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलेलं. ते जुळेलच असं नाही. नंबर ठाऊक असला तर पान लवकर सापडतं.