जीप उंच करायची म्हणजे काय काय हलवायचं

जीप जन्मली ती बुटकी राहण्यासाठी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने टेहळणीसाठी चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी गाडी मागवली. ती शत्रूच्या नजरेत भरू नये, समोरची काच दुमडून बॉनेटवर झोपवता यावी, अशा अटी होत्या. नमुना तयार करायला मुदत ४९ दिवसांची. बँटम नावाची एक छोटी, आधीच डबघाईला आलेली कंपनी पुढे आली. तिने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून नकाशे काढून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डच्या फाटकात नेऊन उभी केली. मोठं काम मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळालं. कल्पना एकाची आणि कमाई दुसऱ्याची, हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

ही जीप आपल्याकडे आली त्या गोष्टीत एक मुसलमान नाव आहे, आणि ते सहसा कुणाला आठवत नाही. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. नाव ठेवलं ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९५४ मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. भागीदार म्हणून ते चांगले असतील, लोकशाहीचे मात्र ते मित्र ठरले नाहीत. इकडे १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. दोन्ही ‘एम’ जागच्या जागी राहिले, त्यामुळे छापलेले कागद वाया गेले नाहीत, असं सांगतात. मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात झाली ती याच कंपनीच्या हातून.

त्यापुढची जीप आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फौजदाराची, तहसीलदाराची, आणि आमच्या कराड-पाटण भागात वडापची. माझे चुलते वडाप चालवायचे. नऊ जणांच्या जागेत सोळा बसायचे, दोघं मागच्या फूटबोर्डवर उभे. पाटे चपटे व्हायचे, गाडी मागून बसायची. मग चाचा कमान-पाटेवाल्याकडे जाऊन दोन पाटे जास्त घालून घ्यायचे. रिकामी गाडी मागून ताठ उभी राहायची आणि हाडं खिळखिळी करायची. भरली की बरोबर सपाट. ही आमच्याकडची पहिली ‘लिफ्ट’. ती उंचीच्या हौसेपोटी नव्हती, पोटासाठी होती.

आता हौस आली आहे. माझ्या भाच्याने जुनी एमएम ५४० घेतली. प्यूजोचं डिझेल इंजिन, पुढे-मागे अखंड एक्सल, चारी बाजूंना पाटे. ‘मामू, पाच इंच उचलायची,’ म्हणाला. खर्चाचा आकडा ऐकून मलाही वाटलं, एवढ्यात होतं? हे स्वस्तात कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. या जुन्या जीपमध्ये पाटा एक्सलच्या खाली यू-बोल्टने आवळलेला असतो. तोच पाटा एक्सलच्या वर बसवला, की एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी मिळून गाडी साधारण पाच इंच वर येते. नवीन पाटे लागत नाहीत. एक्सलवर पाट्याची नवी बैठक वेल्ड केली की झालं. निदान कागदावर तरी.

पण खरी अडचण पाट्यात नाही. ती गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमध्ये आहे, आणि तिचं वय साडेतीनशे वर्षं आहे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो त्याला आपले मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. इटलीच्या कार्दानोचं नाव त्याला युरोपात चिकटलं, पण त्याचं गणित मांडलं ते सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. (इथे काही वाचक अल-जझरीची वाट पाहत असतील. त्याच्या १२०६ च्या ग्रंथातला क्रँक थोर आहेच. क्रॉसचं श्रेय मात्र मी त्याला देणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ते काम जोरात चालू आहे.) हूकला दिसलेली गोष्ट अशी: सांध्याला कोन पडला, की एका बाजूचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसऱ्या बाजूचा तसा फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन लहान असेल तर फरक कळत नाही. २२ अंशांवर मात्र वेग कधी सात टक्के कमी, कधी आठ टक्के जास्त होतो. १९०३ मध्ये क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकनाने मोटारीसाठी या सांध्याचं पेटंट घेतलं आणि साखळीच्या जागी शाफ्ट आला. जीपच्या पोटातले सांधे त्याच्याच कंपनीचे होते. हूकचा दोष झाकायचा उपाय जुनाच: दोन सांधे लावा, दोघांचा कोन सारखा ठेवा, म्हणजे एकाची चूक दुसरा भरून काढतो.

आता गाडी पाच इंच उचला. गिअरबॉक्स चॅसिसबरोबर वर गेला, एक्सल जमिनीजवळच राहिला. शाफ्ट २० इंचांचा असेल तर त्याचा कल साधारण १४ अंशांनी वाढतो. ४० इंचांचा असेल तर सातच अंशांनी. म्हणून लांब गाडीला जी लिफ्ट सहज पचते ती आखूड जीपला बाधते. आधीचे आठ अंश धरले तर झाले २२. क्रॉस गरम होतो, घरघर येते, शेवटी तुटतो. शाफ्ट अपुरा पडून सरकत्या सांध्यातून निसटूही शकतो.

मग उस्ताद लोक वरच्या टोकाला दोन क्रॉस जोडून केलेला दुहेरी सांधा लावतात आणि एक्सल थोडा फिरवून पिनियनचं तोंड वर करतात. मागे हे जमतं. पुढे जमत नाही, कारण पुढच्या एक्सलच्या टोकांना स्टिअरिंगच्या नकल असतात. पिनियन वर करायला एक्सल फिरवला की चाकांचा मागे झुकलेला कोन, कॅस्टर, कमी होतो. तोच कोन वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ करतो. तो गेला की गाडी रस्त्यावर भरकटते. म्हणजे शाफ्ट वाचवा किंवा स्टिअरिंग वाचवा. दोन्ही वाचवायचं तर नकल कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात, आणि ते काम कुणाच्याही हाती देण्यासारखं नाही.

कुर्ल्यात एका जुन्या उस्तादांना मी बैठका वेल्ड करताना पाहिलं. आधी चारी बैठका नुसत्या टाचून घेतल्या. गाडी चाकांवर उतरवली, आत वजन ठेवलं, शाफ्टवर कोनमापक धरला, आणि मग पूर्ण वेल्ड. तेही एका दमात नाही, थोडं इथे, थोडं तिथे, नळी तापून वाकू नये म्हणून. मधल्या वेळात त्यांनी असरची नमाज उरकून घेतली. घाई असलेल्या माणसाने हे काम करूच नये, असं ते भाच्याला म्हणाले.

बाकीच्या गोष्टी लहान दिसतात, पण जीव त्यांच्यातच अडकलेला असतो. ब्रेकचे होजपाइप आखूड पडतात. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की ताणून फाटतात. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरपी होते, मग चाक उसळलं की हातातलं स्टिअरिंग आपोआप वळतं. पाटे वर गेल्यामुळे एक्सलला पीळ घालायला जास्त वाव मिळतो आणि चढावर जोर लावला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. शॉकअप लांब हवेत, हँडब्रेकची केबल लांब हवी.

एवढं करून मिळतं काय? भाच्याला हे पटवायला मला वेळ लागला: लिफ्टने डिफरन्शियल एक इंचही वर जात नाही. तो चाकाच्या मध्याला बांधलेला आहे. दगड लागतो तो त्यालाच, आणि तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. लिफ्ट ही टायरला जागा करून देण्यासाठी असते. यू-बोल्टच्या पट्ट्या खाली लोंबत नाहीत, हा वेगळा फायदा, तो मान्य.

आणि गाडी कलंडण्याचं काय? चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. समजा अंतर ५६ इंच, उंची २७. उत्तर १.०४. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य चार इंच चढला तर ०.९०. एरवी ४६ अंशांच्या उतारावर कलंडणारी गाडी आता ४२ वरच कलंडेल. साध्या मोटारींचा हा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो. अमेरिकेत डिसेंबर १९८० मध्ये सीबीएसच्या ‘६० मिनिट्स’ कार्यक्रमाने सीजे-५ जीप वळणावर उलटतानाच्या चाचण्या दाखवल्या. कंपनीने चाचण्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण प्रश्न घराघरांत पोचला. त्या गाड्या तर उचललेल्याही नव्हत्या. भाच्याची बायको आणि दोन मुली त्याच जीपमधून माहेरी जातात, हे मी त्याला मुद्दाम बोलून दाखवलं. त्याने दोन इंचांवर समाधान मानलं, कमानीला जास्त बाक दिलेल्या पाट्यांनी.

कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या, म्हणजे निर्मात्याने दिलेल्या, मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. अपघात झाला की विमा कंपनी आधी खाली वाकून बघते.

नव्या मुलांची हौस आता थारवर आहे. तिला पुढे अखंड एक्सलच नाही. दोन्ही चाकं सुटी, मधला डिफरन्शियल चॅसिसला बांधलेला, आणि त्यातून दोन आखूड शाफ्ट बाहेर निघतात. गाडी उचलली की डिफरन्शियलही वर जातो आणि त्या आखूड शाफ्टांचा कोन बिघडतो. म्हणून जास्त उंच लिफ्ट करणारे पुढचा डिफरन्शियल ठोकळे लावून पुन्हा खाली उतरवतात, जवळजवळ तो आधी होता तिथेच.