बुडण्याआधीच बुडीत



बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं रजिस्टर उघडलं की आम्ही शब्द फार जपून वापरतो. एखादीचा हप्ता राहिला तर ती रक्कम 'थकीत'. वर्ष उलटलं तरी थकीतच. वसुलीची काहीच आशा उरली नाही आणि साऱ्या बायांनी ते मान्य केलं, तरच आम्ही 'बुडीत' लिहितो. कारण बुडीत म्हणजे बुडून गेलेलं. बुडेल असं वाटणारं नव्हे.

आपल्या जिल्ह्यात हाच शब्द एकदा उलटा चालला. आधी गाव बुडीत झालं आणि मग कितीतरी वर्षांनी पाणी आलं. आज त्याचीच गोष्ट.

सरदार सरोवर धरणाची पायाभरणी १९६१ साली गुजरातेत झाली. पाण्याच्या वाटणीवरून राज्यांचं जुळेना, म्हणून १९६९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला आणि उंची ठरली ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. आपण सारे धुळ्यात होतो. त्या एका आकड्यावरून सातपुड्याच्या उतारावर रेघ ओढली गेली. रेघेखालचं सारं 'बुडीत क्षेत्र'. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं त्यात आली. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही त्यातलीच. शेतात ज्वारी उभी, नदी आपल्या जागी आणि गाव मात्र कागदावर बुडालेलं.

निवाड्याची भाषा खरं तर सावध होती. 'बुडण्याची शक्यता असलेल्या' क्षेत्रात निदान वर्षभर राहणारा किंवा जमीन कसणारा तो विस्थापित, अशी त्यात व्याख्या होती. पण निवाडा कचेरीत आणि कचेरीतून बोलण्यात उतरेपर्यंत ती 'शक्यता' गळून पडली. घरात पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या माणसांच्या हाती मराठी कागद आला, त्यावर एकच शब्द उरला होता, बुडीत.

'प्रकल्पग्रस्त' शब्दाचंही तसंच. पूर येऊन गेल्यावर माणूस पूरग्रस्त होतो, पाऊस हुकल्यावर दुष्काळग्रस्त. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला. इथं मात्र प्रकल्पानं ग्रासण्याआधीच माणूस ग्रस्त ठरला.

यातून एक अडचण अशी झाली, की बुडणाऱ्या गावात रस्ता कशाला, शाळा कशाला, असा प्रश्न सहज विचारता येऊ लागला. गाव अजून पाण्याच्या वर होतं, पण त्याच्यावर खर्च करणं वाया जाणार असं आधीच ठरून गेलं होतं. १९९२ मध्ये चिमलखेडीला लोकांनी आंदोलनाच्या मदतीनं जीवनशाळा सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर.

पण थांबा, हा शब्द नुसता वैरी नव्हता, हेही सांगायला हवं. पाणी येण्याआधी पुनर्वसन झालं पाहिजे, अशी निवाड्याची अट होती. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देणं होतं. मग पाणी येण्याआधी यादीत नाव हवंच. ज्यांचं नाव आलं ते 'घोषित', राहिलं ते 'अघोषित'. घर दोघांचंही त्याच रेघेखाली. एकीकडे लोक 'आमचं गाव बुडीत म्हणू नका' म्हणत होते, दुसरीकडे 'आमचं नाव प्रकल्पग्रस्तांत घाला' म्हणून तालुक्याला खेटे घालत होते. दोन्ही बरोबरच होतं. बायांच्या बाजूनं पाहिलं तर निवाड्यानं सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला, मुलीचं नावच घेतलं नाही. सज्ञान अविवाहित मुलींना महाराष्ट्रानं पुढं आपल्या धोरणात जागा दिली. म्हणजे लग्न झालं की तिथूनही बाहेर!

आंदोलनाची घोषणा आठवते ना? 'डूबेंगे पर हटेंगे नहीं.' व्याकरण बघा. कचेरीचा शब्द घडून गेल्याचा आणि लोकांचा शब्द पुढचा. डूबेंगे, म्हणजे अजून बुडालो नाही. आम्हाला यात हट्टापेक्षा हिशेबाचा नेमकेपणा जास्त दिसतो.

मणिबेलीची घरं १९९३ च्या पावसाळ्यात पाण्यात गेली. काठचं शूलपाणेश्वराचं मंदिरही गेलं. मग उंची टप्प्याटप्प्यानं चढत राहिली. १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर गेली. जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, निवाड्यानंतर चाळीस वर्षांनी. आज्जीच्या नावावर लागलेला शब्द नातीच्या डोळ्यांसमोर खरा झाला.

तोही पुरता नाही. काही जमीन बुडाली नाही, पण चहूबाजूंनी पाणी आलं. तिला 'टापू' म्हणतात. बरीच कुटुंबं तळोद्याकडच्या वसाहतींत गेली, मणिबेलीची काही गुजरातेत परवेट्याला. काही मात्र उतारावर वर सरकून तिथंच राहिली. अक्कलकुवा हा राज्याचा एक नंबरचा विधानसभा मतदारसंघ आणि त्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र मणिबेली. निवडणुकीला कर्मचारी मतदान यंत्रं घेऊन बार्जनं, पाण्यावरून तिथं जातात.