वनवासाची प्रार्थना

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या कॅथलिक घरांत तिन्हीसांजेला आल्तारापुढे मेणबत्ती लागते, घरातली थोरली बाई रोझरी सुरू करते आणि पोरेटोरे गुडघे टेकतात. शेवटचा मणी सरला की मरियेला उद्देशून एक निराळी प्रार्थना येते, ‘साल्वे रेजिना’. इतर प्रार्थनांमध्ये भाकर मागितली जाते, क्षमा मागितली जाते. इथे मात्र भक्त आधी स्वतःची ओळख सांगतो: आपण आदिमाता एवेची लेकरे, मूळ घराला पारखी झालेली, हे जग आपला मुक्काम, घर नव्हे. वनवास सरल्यावर येशूचे दर्शन घडव, हे मग त्याचे मागणे.

परंपरेने ही रचना हेर्मान (१०१३–१०५४) या साधूच्या नावावर आहे. जर्मनीतल्या रायखेनाऊ बेटावरच्या मठात तो राहत असे. हातपाय आखडलेले, बोलणेही कष्टाचे. दुसऱ्याच्या आधाराशिवाय त्याला हलता येत नसे. अशा माणसाने ग्रहताऱ्यांच्या यंत्रांवर, संगीतावर ग्रंथ लिहिले. साल्वे त्याचीच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण देहातच परका झालेल्या माणसाकडे श्रद्धावंतांनी ती सोपवली, हे मनाला पटते. बाराव्या शतकात क्लूनीच्या मठात साधू मिरवणुकीत ती गाऊ लागले.

मठातून ती दर्यावर गेली. कोलंबसाच्या रोजनिशीत ११ ऑक्टोबर १४९२ या दिवशी नोंद आहे की खलाशांनी रिवाजाप्रमाणे साल्वे म्हटली. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, जमीन दिसली. पोर्तुगीज पाद्री गोव्यात उतरले तेव्हा तीही कोकण किनाऱ्याला लागली.

आणि इथे वनवास हा शब्द पोथीपुरता उरला नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा अंमल होता. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी जुने रीतिरिवाज सोडले की नाहीत, यावर पाळत असे. कित्येक ख्रिस्ती कुटुंबे श्रद्धा सोबत घेऊन गाव सोडून गेली. कोणी मंगळूरकडे, कोणी तेरेखोल ओलांडून सावंतांच्या मुलखात. ज्या धर्माच्या नावाने छळ झाला, त्याच धर्माच्या प्रार्थना त्यांनी नव्या घरी म्हटल्या. त्या मागे टाकणे किती सोपे होते!

माथेउश दे कास्त्रोची कहाणी याच मुलखातली. दिवाडीचा हा ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली म्हणून तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप. लॅटिन पंथाचा तो पहिला भारतीय बिशप. पोर्तुगीजांनी त्याचा अधिकार मानला नाही, तेव्हा आदिलशाही मुलखात डिचोलीला त्याने ठाण मांडले. बांदा आणि वेंगुर्ल्यालाही चर्च उभारले. जन्मभूमी हाकेच्या अंतरावर, पण तिथे त्याचे बिशपपण चालत नव्हते. अखेर तो रोममध्येच वारला. बांदा-वेंगुर्ला ज्या सिंधुदुर्गात येतात, त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन निर्माण झाला तो ५ जुलै २००५ रोजी, आणि सावंतवाडीचे मिलाग्रीस चर्च त्याचे कॅथेड्रल झाले.

पुढचा वनवास पोटासाठीचा. जहाजावर नोकरी शोधणारे गोवेकर मुंबईला धोबी तलावाजवळ आपापल्या गावाच्या ‘कुडी’त, म्हणजे सामायिक वसतिगृहात, उतरत. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका टोकाला गावच्या संताचा आल्तार. संध्याकाळची रोझरी हा कुडीचा नियमच असे. जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्यालाही त्यातून सूट नव्हती. परक्या शहरात, उद्या कुठल्या बंदराला जायचे ते ठाऊक नसलेली ही माणसे साल्वे म्हणत, तेव्हा त्यांना तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसेल.

मे महिन्यात चाकरमानी घरी परतले की वेंगुर्ला-सावंतवाडीच्या पट्ट्यात खुरसाकडे, म्हणजे क्रूसापाशी, लदीन ही मरियेच्या स्तुतीची प्रार्थना होते. दगडी चौथऱ्यावरचा खुरीस चुन्याने रंगवायचा, अबोलीचे वळेसर घालायचे, व्हायोलिनवाल्याला आधीच सांगून ठेवायचे. मरियेची स्तुती अजूनही लॅटिनमध्ये गायली जाते, म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात, शेजारची हिंदू पोरेही ओंजळ पुढे करतात, आणि मुंबईची गाडी कधीची धरायची यावर बोलणे सुरू होते.